बुचाला ग्रीस किती लावता?

हॅलो?… हां आई, बोल… नाही गं, मुद्दामच हळू बोलतेय. पिल्लू खांद्यावर झोपलंय… आत्ता कुठे झोपलंय, मघापासून माझ्या कानातलं ओढत होतं… नाही, रडलं नाही. दूध पिऊन झालंय, धाकटी पाजूनच आत गेली. ती सभागृहात, मी बाहेर व्हरांड्यात.

नाही, अजून काही कळलेलं नाही… अगं, कळलं की मीच करणार होते ना फोन. तू घटकेघटकेला फोन करून काय रंग लवकर येणार आहे का?… कसला रंग म्हणजे? सांगते, सांगते.

जेवली का?… कोण, मी?… हो, मी जेवले. ती कुठली जेवतेय. ताटलीत वाढून घेतलं, दोन घास चिवडले आणि ताटली माझ्या हातात दिली. मग तिचंही मीच खाल्लं… वाया का घालवायचं?

हो, भाषण सकाळीच झालं. भाषण कसलं, पाच मिनिटं… तेवढीच देतात. तिलाच नाही, सगळ्यांना… पहिल्यापासून सांगू?… तूच म्हणतेयस ना पहिल्यापासून? मग मागे खाकरलं कोण?… बाबा आहेत वाटतं… पेपर वाचतायत? वाचू देत. तू असं कर, फोन कानापासून जरा लांब धर. मी मोठ्यानं सांगते… बाळ उठलं तर उठलं.

तर ऐक. ही सभा निरिंद्रिय रसायनवाल्यांची… निरिंद्रिय. म्हणजे धातू, क्षार, वाळू, दगड यांचं रसायनशास्त्र. आपल्या धाकटीचा विषय. आता यांची रीत काय, तर प्रत्येकानं आपला लेख आधीच द्यायचा. तो छापून सगळ्यांच्या घरी पोचतो. मग सगळे तो वाचून, पेन्सिलीनं रेघा मारमारून, बाह्या सरसावून इथे येतात. लिहिणाऱ्याला बोलायला पाच मिनिटं, आणि बाकीच्यांना तासभर… हो, त्याला सोलायला. दुसरं काय?

आणि नुसतं बोलून सुटका नाही. जो जे बोलेल ते त्यानं लिहून द्यायचं, समोरच्यानं उत्तर लिहून द्यायचं, आणि ते सगळं नावानिशी त्या लेखाच्या मागे पुस्तकात छापतात… कायमचं. मागून 'मी तसं म्हटलंच नव्हतं' चालत नाही. आपल्या घरात अशी रीत असती ना, तर खालच्या मजल्यावरच्या मोठ्या काकू निम्मंसुद्धा बोलल्या नसत्या.

मी शेवटच्या रांगेत, बाळाला घेऊन. तिथून नुसती डोकी दिसतात. माझा धंदाच डोक्यांचा, बसले बघत. इथे पार्लर काढलं तर उपाशी मरेन बघ. अर्ध्यांना केस नाहीत आणि उरलेल्यांना कंगवा माहीत नाही… अगं हसतेस काय, खरंच.

आणि तो होता ना… तोच गं, ज्यानं तिच्याविरुद्ध छापलं तो म्हातारा. पहिल्या रांगेत, अगदी मधोमध. पोरं त्याला टाचणी म्हणतात… बारीक आहे म्हणून नाही. कुठे टोचलं की माणूस उडेल, ते त्याला नेमकं कळतं म्हणून.

हो, तुला माहीत आहे, पण मी सगळंच सांगतेय ना. पेपर वाचणाऱ्यांनाही कळायला हवं. हिनं जुन्या प्रयोगशाळेत असताना ते जांभळे स्फटिक केले. मधोमध धातूचा अणू आणि त्याच्याभोवती सिलिकॉन-ऑक्सिजनचं कडं. असं कडं कुणी केलंच नव्हतं, म्हणून केवढं कौतुक झालं. मग चार ठिकाणी लोकांनी करून बघितलं, तर कुणालाच येईना. नुसता पांढरा चुरा. शेवटी टाचणीनं छापलं, आम्ही सगळं लिहिल्याबरहुकूम केलं आणि हा पदार्थ होत नाही… हो, एवढंच. 'खोटं' हा शब्द त्यानं लिहिला नाही. तो बाकीच्यांनी लावला. मोठ्या काकूंनी तर आधी लावला, मग विचारलं की रसायनशास्त्र म्हणजे काय.

आणि त्यात आपले बाबा… नाही, आई, आज बोलू दे मला. 'खरं सांग, आकडे बनवलेस का?' असं विचारलं की नाही त्यांनी? भरल्या ताटावरून उठली ती. तेव्हापासून घरी पाऊल नाही. आयुष्यभर दुकानदारांची वजनं तपासली, म्हणून पोटच्या पोरीलाही तराजूत घालायचं?… ऐकू गेलं तर जाऊ दे. पेपर वाचतायत ना ते?

आता तुला न सांगितलेलं सांगते. घाबरू नकोस, आधी पूर्ण ऐक. काल इथे उतरलो, बाळाचे कपडे काढून ठेवत होतो, आणि ही एकदम म्हणाली, ताई, मलाच येत नाहीत… स्फटिक गं. नव्या प्रयोगशाळेत गेल्यापासून तिलाही येत नाहीत. तोच तो पांढरा चुरा. म्हणे, मला आता माझीच शंका येते, तेव्हा मी काय बघितलं होतं?… म्हटलं, मग उद्या काय करणार? तर म्हणे, हेच सांगणार.

सांगितलं ना. उभी राहिली, माइकची दांडी धरली. म्हणाली, माझा लेख तुम्ही वाचलाच आहे, तो परत सांगत नाही. जे छापायचं राहिलं ते सांगते. हे स्फटिक मी केले होते. आता मलाही येत नाहीत आणि का येत नाहीत ते मला माहीत नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा. आणि बसली खाली… पाच मिनिटं कसली, एकसुद्धा पुरी झाली नसेल.

आणि पिल्लू चोखणी चोखत होतं ते सगळ्यांना ऐकू जात होतं. मी पिल्लाचा पंजा हातात धरून बसले होते. त्याला धीर द्यायला नाही, मलाच काहीतरी धरायला हवं होतं.

मग काय, तुटून पडले. द्रावक कुठल्या बाटलीतला? तापमान किती? हवा आत गेली असेल का? ढवळायला काय वापरलं? ही प्रत्येकाला उत्तर देतेय, केलं, तपासलं, तेही तपासलं. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण तिच्या मानेवर घाम दिसत होता, तो कळत होता.

आणि मग टाचणी उठला… ऐक ना, तेच सांगतेय. उठला, चष्मा कपाळावर चढवला. म्हणाला, बाई, तुमच्या लेखात उपकरणाचं छायाचित्र आहे. त्यात बूच फार चकाकतंय. बुचाला ग्रीस किती लावता?

अगं, सगळीकडे खसखस पिकली. का म्हणजे, हा काय प्रश्न झाला? पहिल्या दिवशी आलेल्या पोराला विचारतात तसा… ग्रीस म्हणजे ते गाडीचं काळं नाही. पांढरं, पारदर्शक, आमच्या पार्लरमधल्या क्रीमसारखं. काचेचं बूच काचेत घट्ट बसावं, हवा जाऊ नये, अडकू नये म्हणून चोळतात… हां, बरणीच्या झाकणाला आपण तेलाचं बोट लावतो ना, तसंच.

ही म्हणाली, भरपूर लावते. एकदा बूच अडकलं होतं, चंबू फोडावा लागला, तेव्हापासून हात आखडत नाही. परत हशा. तो नाही हसला. म्हणाला, आणि नव्या जागी? ही म्हणते, नव्या जागी ग्रीस लागतच नाही, तिथे प्लास्टिकची टोपणं…

आणि थांबली. आई, वाक्याच्या मधोमध थांबली. तोंड उघडंच. आणि एकदम माइकमध्ये म्हणाली, 'अगं बाई.'

हो, तेही छापणार. ती लिहून घेणारी मुलगी मागाहून विचारायला आली होती, 'अगं बाई' ठेवायचं की काढायचं. धाकटी म्हणाली, ठेवा.

अगं, लक्षात नाही आलं?… मलाही नव्हतंच आलं, शेजारच्या बाईंनी सांगितलं. ते ग्रीस कशाचं असतं, माहितेय का? सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं. आणि हिच्या स्फटिकातलं कडं कशाचं?… तेच. हिनं लेखात लिहिलं होतं की कडं तिनं घातलेल्या रसायनातून तयार झालं. आणि ते आलेलं असावं वर बुचाला फासलेल्या ग्रीसमधून. थोडं थोडं विरघळून खाली उतरलं, आणि त्या धातूनं त्यातून आपल्या मापाचं कडं करून घेतलं… हो ना, त्या धातूलाच हौस.

मग टाचणी काय म्हणाला माहितेय? म्हणाला, माझ्याकडे ग्रीसची नळी कुलपात असते. पोरं फार फासतात म्हणून किल्ली मी खिशात ठेवतो. मला तुमचे स्फटिक येणं शक्यच नव्हतं. तेव्हा मात्र अख्खं सभागृह खो खो हसलं, अध्यक्षीणबाई टेबलावर हात आपटतायत, शांत व्हा म्हणतायत आणि स्वतःच हसतायत.

नाही गं, मिटलं कुठे एवढ्यात. दुसऱ्या रांगेतला एक उठला. म्हणाला, हे फार सोयीचं झालं. अडचणीत सापडल्यावर बरं ग्रीस आठवलं… हो, असंच म्हणाला, तोंडावर. धाकटीचा चेहरा उतरला. कारण ते नुसतं 'असावं' आहे ना. सिद्ध कुठे झालंय? कडं ग्रीसचं आहे हे नाही दाखवता आलं, तर लोक म्हणणार, आधी स्फटिक बनवले, आता कारण बनवलं.

तर टाचणीच म्हणाला, भांडता कशाला? करून बघा. तुमच्या जुन्या प्रयोगशाळेत अजून कुणी आहे का? आहे ना, हिची जुनी जोडीदारीण आहे. तिला तिथूनच फोन लावला, सगळ्यांसमोर. ती बिचारी काहीतरी धुवत होती, तिला वाटलं कुणी गेलं की काय. दोन चंबू घ्यायला लावले तिला. सगळं सारखं. फक्त एकात ग्रीसचा हा एवढा गोळा आणि दुसऱ्यात कणभरसुद्धा नाही. दुसऱ्यातलं बूच तीनदा पुसून घेतलं टाचणीनं, फोनवर दाखव म्हणाला. दुपारपर्यंत रंग धरला तर धरला. तो हा रंग… आलं लक्षात?

तेच वाट बघतोय. आत दुसऱ्या कुणाचा लेख चाललाय, पण हिचं लक्ष कुठलं. फोन मांडीवर. आणि टाचणी तिच्या शेजारी येऊन बसलाय… हो, शेजारी. दूध उतू जाईल म्हणून बघत राहावं तसे दोघं त्या फोनकडे बघत बसलेत.

नाही आला तर?… नाही आला तर गाशा गुंडाळीन, म्हणते धाकटी. शाळेत शिकवीन, पण लबाड म्हणवून घेऊन या लोकांत बसणार नाही… आई. अगं, आत्तापासून नाक ओढू नकोस. मला पण रडू येतं मग.

बाबा काय म्हणतायत?… काहीतरी पुटपुटले ना आत्ता?… 'दुसरा चंबू ठेवला ते बरं केलं'? पेपरात छापून आलंय वाटतं. बरं, बरं, नाही चिडवत. सांग त्यांना, त्या टाचणीचं आणि तुमचं चांगलं जमेल.

थांब… थांब जरा. आत काहीतरी झालं… खुर्च्या सरकल्याचा आवाज. नाही, दार बंद आहे, काचेतून बघते… सगळे उभे राहिलेत… दिसत नाही गं, एक ताडमाड माणूस मध्ये आलाय. हल ना बाबा बाजूला… दिसली. आई, ती खाली बसलीये… खुर्चीवर नाही, जमिनीवर. तोंडावर दोन्ही हात… मला काय माहीत, रडतेय की हसतेय, हात काढल्याशिवाय कसं कळणार? आत जाते. फोन ठेवू नकोस… हो, बाळ घेतलंय, बाळ काय व्हरांड्यात ठेवू?… जरा जाऊ द्या… अहो, मी बहीण आहे तिची, जाऊ द्या…

जांभळा. आई, जांभळा.

हो… हो, अगं हो, फोटो आलाय, माझ्या समोर आहे. दोन चंबू शेजारी शेजारी. एकात पांढरा चुरा आणि दुसऱ्यात तळाशी गर्द जांभळे… ग्रीसवाल्यात. आई, ग्रीसवाल्यातच. पुसलेल्यात काही नाही… हसतेय ती. हसतेय आणि रडतेय, दोन्ही. काजळ पार गालावर आलंय, मी सांगितलं होतं आज लावू नकोस… उठलं, पिल्लूपण उठलं. एवढ्या गोंधळात काय झोपणार. टकमक बघतंय.

थांब, म्हातारबुवा माइकपाशी गेलेत. अध्यक्षीणबाई म्हणतायत, ही वेळ दुसऱ्या लेखाची आहे. ते म्हणतायत, दुसरा लेख पळून जात नाही… ऐकवते, हा फोन पुढे धरला… येतंय ऐकू?… नाही? बरं, मी सांगते. म्हणतायत, लिहून घ्या… मी छापलं होतं की हा पदार्थ होत नाही. होतो… तो कसा होतो हे या बाईंनी लिहिलं, ते चुकीचं. होत नाही हे मी लिहिलं, तेही चुकीचं. पण बाईंनी जे पाहिलं तेच सांगितलं, आणि दिसेनासं झालं तेही सांगितलं. हे सगळं माझ्या नावानिशी छापा… टाळ्या आहेत त्या. पाऊस नाही गं, टाळ्या.

तो दुसऱ्या रांगेतलासुद्धा वाजवतोय, म्हणजे काय बघ. गेला तिच्याकडे… हात मिळवला. चला.

आता ती त्यांना म्हणतेय, आपण मिळून नवीन लेख लिहू. ते म्हणतायत, आधी मला कुलपाची किल्ली शोधू दे… अगं वेडे झालेत सगळे. माझ्या शेजारच्या बाई म्हणतायत, आमच्याकडे अशा तीन गोष्टी ग्रीसनं केलेल्या असतील, जाऊन बघायला हवं. सगळेजण आपापल्या ग्रीसच्या गोष्टी सांगत सुटलेत.

तिला देऊ फोन?… थांब, तिच्यापर्यंत पोचू तर दे, भोवती गराडा आहे. तू बोलत राहा… आई?… आई, ऐकतेयस ना?… कोण?…

बाबा?

हां बाबा, मीच… हो, आला रंग. जांभळा… हो, दुसऱ्यात नाही आला, बिलकुल नाही. तीनदा पुसलेलं होतं बूच… नाही बाबा, बनवलं नव्हतं… नाही. एकही आकडा नाही… हो, चुकली. कडं कुठून आलं ते चुकीचं लिहिलं तिनं… नाही, तिलाही माहीत नव्हतं. आज सकाळी सगळ्यांसमोर कळलं तिला… चूकच, बाबा. नुसती चूक. सगळ्यांच्या हातून होते तशी… ती उघड सांगितली, त्यालाच टाळ्या वाजतायत.

बाबा?… बाबा, बोला ना… रडताय का?… बरं, सर्दी झालीय. झाली असेल… अहो, थांबा, तिला देते, बोला तिच्याशी… धाकटे, ए धाकटे, इकडे ये, बाबा आहेत… हो, बाबा. घे, बाळ राहू दे माझ्याकडे… बाबा, ही आली बघा… हॅलो?… बाबा?… कुणीच नाही.

थांब गं, फोन चालू आहे, काहीतरी ऐकू येतंय… आई? तू आहेस होय. बाबा कुठे गेले? आत्ता तर इथे होते… फोन टेबलावर टाकून?… जिन्यात? चपला तरी घातल्या का?… खाली कुठे?… मोठ्या काकूंच्या दाराशी? बेल वाजवतायत?… अगं, हिला ऐकवते, थांब, मोठा आवाज करते… हां, सांग. काय ओरडतायत?… नीट सांग, काय म्हणाले?… 'खोटं नव्हतं, आमची धाकटी चुकली'?

आई, धाकटीनं ऐकलं… हो, ऐकलं तिनं. सगळी दारं उघडली? लोक विचारतायत काय झालं म्हणून?… आणि ते परत तेच सांगतायत?… नको, नको गं, आत बोलावू नकोस त्यांना. ही मानेनं नको म्हणतेय. सगळ्या मजल्यांवर सांगू देत.